मनश्शे : उशिरा वळलेला राजा



आजचे वाचन : 2 राजे 21:1-18 आणि 2 इतिहास 33:1-20

खरं सांगू? राजांची नावं आली की मी पूर्वी पानं भराभर उलटायचो. पण यहूदाचा राजा मनश्शे या आठवड्यात मला सोडायला तयार नाही.

त्याचा बाप हिज्कीया, देवभीरू राजा. आजारात मरायला टेकला असताना त्याने रडून प्रार्थना केली आणि देवाने त्याला आणखी 15 वर्षं दिली. मनश्शे गादीवर बसला तेव्हा 12 वर्षांचा होता. हिशेब करून बघा, त्याचा जन्म त्या वाढवून मिळालेल्या वर्षांतलाच. ऐकल्या गेलेल्या प्रार्थनेच्या घरातलं लेकरू!

आणि त्यानेच बापाने पाडलेली उच्च स्थाने पुन्हा बांधली. बआलासाठी वेद्या केल्या, अशेरा उभी केली, आकाशातल्या ताऱ्यांची पूजा केली. परमेश्वराच्या मंदिराच्या अंगणातही वेद्या बांधल्या आणि आत कोरलेली मूर्ती आणून ठेवली. हिन्नोमच्या खोऱ्यात पोटच्या लेकरांना अग्नीत होमलं. यरुशलेम निरपराध रक्ताने भरून गेलं. देव संदेष्ट्यांकडून बोलत राहिला, पण ना राजाने ऐकलं ना लोकांनी.

इथे मी थांबलो. मनश्शेने मंदिर पाडलं नव्हतं, ते उभंच होतं. त्याने आत दुसरं काहीतरी आणून ठेवलं.

माझंही असंच झालं होतं. नवी नोकरी लागली, बढती खुणावू लागली. बायबल ॲप फोनमध्ये होतं, गळ्यात क्रूस होता. फक्त रविवारी सकाळी लॅपटॉप उघडायचा. आधी एक रविवार, मग दर रविवार. आईने उपासनेचं विचारलं की मी चिडायचो. बंडखोरी म्हणजे देवाला उघड नकार देणं, असं मला वाटायचं. मी नकार कधी दिलाच नाही, फक्त पुढच्या आठवड्यावर ढकलत राहिलो.

मनश्शेला थांबवलं ते अश्शूरच्या सरदारांनी. आकड्यांनी धरून, पितळी बेड्या घालून त्याला बाबेलला नेलं. निनवेतल्या राजवाड्यासाठी लाकूड आणि दगड पोचवायला लावलेल्या मांडलिक राजांच्या यादीत अश्शूरचा राजा एसरहद्दोन यानेही मनश्शेचं नाव नोंदवलंय. देवाला नाकारून मोठा व्हायला गेलेला राजा शेवटी दुसऱ्याचा हमाल झाला!

त्या संकटात तो आपल्या पूर्वजांच्या देवापुढे फार नम्र झाला. प्रार्थना केली. आणि देवाने ऐकलं! त्याला यरुशलेमात परत आणलं. मग मनश्शेने मंदिरातली मूर्ती काढली, वेद्या नगराबाहेर फेकल्या, परमेश्वराची वेदी दुरुस्त केली आणि गीहोनच्या पश्चिमेकडून मासळी वेशीपर्यंत नगराची बाहेरची भिंत बांधली.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं. 55 वर्षं राज्य करून तो मेला, आणि 22 वर्षांचा मुलगा आमोन गादीवर आला. त्याने बापाची मूर्तिपूजा उचलली, बापाचा पश्चात्ताप उचलला नाही. दोन वर्षांत त्याच्याच सेवकांनी त्याला मारलं. पुढे यहूदाचा नाश झाला तेव्हाही मनश्शेच्या पापांचा उल्लेख राहिलाच. क्षमा मिळाली होती, पण पेरलेलं उगवलं.

हे वाचताना मला माझा धाकटा भाऊ दिसला. मी मंडळीत जायचं थांबवलं तेव्हा तो सोळा वर्षांचा होता, मी करायचो तेच करायचा. प्रभूने मला परत आणलं. तो अजून आलेला नाही. मी उपदेश केला की हेडफोन लावतो. काल रात्री पहिल्यांदा मी त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही, पण उठूनही गेला नाही.

आमोननंतर योशीया आला. मनश्शेचा नातू, 8 वर्षांचा राजा. आणि त्याने मनापासून देवाचा शोध घेतला. त्या घरातला दिवा देवाने विझू दिला नव्हता. मी यालाच धरून आहे.

मित्रा, मैत्रिणी, तुझ्या मंदिरात आज काय आणून ठेवलंय? बेड्या पडायची वाट बघू नकोस. आणि तुझ्याकडे बघून कोण चालतंय, तेही एकदा वळून बघ.

प्रार्थना : हे प्रभू, माझ्या अंतःकरणात तुझ्या जागी मी जे ठेवलं, ते काढायला मला बळ दे. माझ्यामुळे जे दूर गेले, त्यांना तू परत आण. येशूच्या नावाने, आमेन.