६१७४ : नांदेडचा कोड, लातूरचा कोड आणि देवळालीचे कापरेकर मास्तर

मोबाइलमधला कॅल्क्युलेटर उघडा. आज आधी करून बघायचं, मग वाचायचं.

नांदेडचा एसटीडी कोड आहे ०२४६२. पुढचा शून्य सोडा, राहिले २४६२. आता हेच चार अंक मोठ्याकडून लहानाकडे लिहा, म्हणजे ६४२२. मग उलटे लिहा, २२४६. मोठ्यातून लहान वजा करा. उत्तर येतं ४१७६. या उत्तरावर परत तेच करा. ७६४१ वजा १४६७ म्हणजे ६१७४. आता ६१७४ वर करून बघा. ७६४१ वजा १४६७, परत ६१७४! गाडी तिथंच थांबली.

आता लातूर. कोड ०२३८२, म्हणून २३८२ घेऊ. उत्तरं अशी येतात : ६०८४, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. नांदेड दोन पायऱ्यांत पोचलं, लातूरला सात लागल्या. पण मुक्काम एकच.

चारही अंक सारखे नसले की कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येते. म्हणजे लातूरने सगळ्यात लांबचा रस्ता घेतला! (मध्ये शून्य आला तर तो सोडायचा नाही. ६०८४ साठी ८६४० वजा ०४६८ असं करायचं.)

जगभर या संख्येला 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात. तो शोधणारा माणूस कुठल्या मोठ्या विद्यापीठाचा प्राध्यापक नव्हता. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत गणित शिकवणारे ते मास्तर होते. त्यांचं नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

डहाणू ते देवळाली

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडिलांनी वाढवलं. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिष खरं की खोटं हा वाद बाजूला ठेवा, पण पत्रिका मांडायची तर आकडेमोड भरपूर करावी लागते. ती गोडी मुलाला घरातच लागली.

शाळा ठाण्याला झाली. १९२३ ला ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आले. १९२७ ला विद्यार्थ्यांच्या स्वतंत्र गणिती कामासाठी असलेलं रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळालं. १९२९ ला बी.एस्सी. झाले. पुढे एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही. देवळालीत शिक्षकाची नोकरी धरली आणि १९६२ ला निवृत्त होईपर्यंत तिथंच शिकवलं.

दिवसभर शाळा आणि उरलेल्या वेळात वही, पेन्सिल आणि आकडे. हे त्यांचं आयुष्य.

आकड्यांना नावं देणारा माणूस

कापरेकरांना संख्या माणसांसारख्या दिसायच्या, असं म्हणायला हरकत नाही. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा. तो सापडला की ते तिला नाव द्यायचे. चार नावं बघू.

कापरेकर संख्या : ४५ चा वर्ग २०२५. त्याचे मधोमध दोन तुकडे करा, २० आणि २५. बेरीज परत ४५! २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ अधिक २०९ म्हणजे २९७.

हर्षद संख्या : स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जाणारी संख्या. हर्षद म्हणजे हर्ष देणारी. कोडिंग शिकताना 'हर्षद नंबर आहे का ते तपासा' हा प्रोग्रॅम तुम्ही कधीतरी लिहिला असेल किंवा लिहाल. तो शब्द आपल्या या मास्तरांचा आहे. गंमत म्हणजे ६१७४ सुद्धा हर्षद आहे. अंकांची बेरीज १८, आणि ६१७४ भागिले १८ म्हणजे ३४३. हा ३४३ परत सातचा घन!

स्वयंभू संख्या : १५ मध्ये तिचेच अंक १ आणि ५ मिळवले की २१ येतात. म्हणजे १५ ही २१ ची जनक. पण २० ला असा कोणी जनकच नाही, कितीही शोधा. अशा आपोआप जन्मलेल्या संख्या म्हणजे स्वयंभू. मंदिरातल्या स्वयंभू मूर्तीसाठी आपण वापरतो तोच शब्द. यावर त्यांनी १९६३ ला पुस्तकही काढलं.

डेम्लो संख्या : १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१, अशा चढत जाऊन उतरणाऱ्या संख्यांशी या कुटुंबाचं नातं आहे. डेम्लो हे मुंबईजवळच्या एका रेल्वे स्टेशनचं नाव, म्हणजे आजचं डोंबिवली. तिथं ही कल्पना सुचली म्हणून स्टेशनचंच नाव देऊन टाकलं.

सगळे ६१७४ वरच का येतात?

हा प्रश्न तुमच्या डोक्यात आला असेल तर शाब्बास. उत्तर अवघड नाही.

अंक उतरत्या क्रमाने लावले. पहिला आणि शेवटचा यांतला फरक समजा 'अ'. मधल्या दोघांतला फरक 'ब'. मग वजाबाकीचं उत्तर नेहमी ९९९ गुणिले अ अधिक ९० गुणिले ब एवढंच येतं. करून बघा. नांदेडच्या ६४२२ मध्ये अ = ४, ब = २. म्हणून ३९९६ अधिक १८०, म्हणजे ४१७६. बरोबर ना?

आता अ हा १ ते ९ आणि ब हा ० ते अ पर्यंतच असू शकतो. अशा जोड्या होतात फक्त ५४. म्हणजे सुरुवात जवळपास दहा हजार संख्यांतून कुठूनही करा, पहिल्याच पायरीला गर्दी ५४ उत्तरांवर येते. या ५४ चे रस्ते तपासले की सगळे ६१७४ ला मिळतात. प्रोग्रामिंगवाले अशा जागेला 'फिक्स्ड पॉइंट' म्हणतात. पुन्हा पुन्हा तीच क्रिया करा, उत्तर हलत नाही.

तीन अंकांना असाच एक मुक्काम आहे, ४९५. दोन अंकांना मात्र नाही. तिथं ८१, ६३, २७, ४५, ०९ असं गोल गोल फिरत राहावं लागतं. पाच अंकांनाही एकच असा मुक्काम नाही. म्हणजे चार अंकांत हे जमतं याला खरंच महत्त्व आहे.

आज आपण दहा ओळींच्या पायथॉन कोडमध्ये सगळ्या संख्या सेकंदात तपासतो. कापरेकरांनी ६१७४ बद्दल मद्रासच्या गणित परिषदेत सांगितलं ते १९४९ ला. तेव्हा भारतात एकही कम्प्युटर नव्हता. सगळं हाताने.

हसणारे आणि ऐकणारे

आता थोडं कडू. भारतातल्या बऱ्याच गणितज्ञांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. वजाबाकी आणि अंकांची बेरीज, यात कसलं आलंय संशोधन, असा सूर होता. कापरेकर परिषदांना स्वतःच्या खर्चाने जायचे. पुस्तिकाही स्वतःच्या पैशाने छापायचे. शिक्षकाच्या पगारात. १९६६ ला पत्नी गेली. पेन्शन पुरत नव्हतं, म्हणून निवृत्तीनंतरही शिकवण्या घेत राहिले. पण आकड्यांचं काम सोडलं नाही.

मग मार्च १९७५ आला. अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर गणिताच्या कोड्यांचं सदर लिहायचे आणि ते जगभर वाचलं जायचं. त्या महिन्याच्या सदरात त्यांनी कापरेकरांबद्दल लिहिलं. देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभरच्या गणितवेड्यांना कळलं. तेव्हा कापरेकरांचं वय होतं ७० वर्षं. १९८६ ला देवळालीतच ते गेले.

गार्डनर स्वतःही गणिताची पदवी घेतलेले नव्हते. म्हणजे ज्यांना फक्त आवड होती अशा एका माणसाने दुसऱ्याला ओळखलं.

मग याचा उपयोग काय?

खरं सांगू? ६१७४ मुळे कुणाचा फोन चालत नाही. त्यावर ॲप नाही, नोकरी नाही. आपल्या नांदेड-लातूरकडे गणित म्हटलं की जेईई आठवते. टेस्ट सिरीज, रँक, किती मार्क पडले. त्यात वाईट काही नाही, त्या अभ्यासाने कित्येक घरांचं भलं झालंय. पण या धावपळीत एखादं पोरगं वहीच्या मागच्या पानावर आकड्यांशी खेळत बसलं की आपण पटकन म्हणतो, हे परीक्षेला आहे का?

कापरेकरांचं आयुष्य म्हणजे या प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे. परीक्षेला नव्हतं, पगारात वाढ नव्हती, मान मिळायला सत्तरी उजाडली. तरी त्यांनी केलं, कारण त्यांना त्यात मजा यायची. आणि आज जगात कुठेही कोणी कोड लिहायला शिकत असेल, तर एक ना एक दिवस त्याच्या स्क्रीनवर डहाणूत जन्मलेल्या या माणसाचं आडनाव येतं.

तर आज एक काम करा. सिग्नलला थांबलात की पुढच्या गाडीची नंबर प्लेट बघा. एमएच २६ असो की एमएच २४, शेवटचे चार अंक घ्या आणि मनातल्या मनात सुरू करा. सिग्नल हिरवा व्हायच्या आत ६१७४ वर पोचलात तर तुम्ही लई भारी. नाही पोचलात तर घरी जाऊन पूर्ण करा आणि घरातल्या लहान पोराला शिकवा. त्याने वही काढली, तर त्याला उपयोग विचारू नका.