वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर

पुण्यात लॉ कॉलेजच्या टेकडीच्या बाजूला गोपाळ गणेश आगरकरांच्या नावाचा रस्ता आहे आणि त्याच रस्त्यावर ‘आघारकर संशोधन संस्था’ अशी पाटी आहे. या एका ‘घ’ने पुष्कळांची फसगत होते. वार्षिकासाठी हा लेख लिहावयास घेतला तेव्हा मी आमच्या वर्गातील दहा-बारा जणांना आघारकर कोण म्हणून विचारले. बहुतेकांनी टिळकांचे स्नेही, ‘सुधारक’कार, असे ठाम उत्तर दिले. एकाने तर टेंभू या त्यांच्या जन्मगावाचे नावही सांगितले. मी सातारा जिल्ह्यातला असल्यामुळे टेंभूच्या आगरकरांचा मला अभिमान आहेच. पण ज्यांच्याविषयी मी लिहीत आहे ते आघारकर निराळे. ते मालवणचे. असे असले तरी त्यांचे नाव प्रथम जगापुढे आले ते आमच्याच जिल्ह्यातील नद्यांमुळे. म्हणून मला त्यांच्याविषयी एक प्रकारची घरची ओढ वाटते.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८८४ साली मालवण येथे झाला. शालेय शिक्षण धारवाडला व पुढील शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. निसर्गशास्त्र हा विषय घेऊन १९०९ मध्ये ते एम. ए. झाले. आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट मोठी गमतीची वाटेल. वनस्पती आणि प्राणी यांचा अभ्यास करून माणूस एम. ए. होतो, हे आज कोणाला पटणार नाही. परंतु त्या काळी मुंबई विद्यापीठात ज्ञानाच्या वाटण्या आजच्याइतक्या काटेकोर झालेल्या नव्हत्या. मला तर वाटते, पुढे त्यांनी वनस्पतींकडे केवळ पाने-फुले मोजण्याच्या दृष्टीने न पाहता त्या कोठून आल्या, कशा आल्या अशा इतिहासाच्या अंगाने पाहिले, त्याचे बीज या शिक्षणातही असावे. हा अर्थात माझा तर्क.

शिक्षण संपल्यावर ते एल्फिन्स्टन कॉलेजातच जीवशास्त्र शिकवू लागले. मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा थिओडोर कुक यांचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात लंडनहून भागाभागाने प्रसिद्ध होऊन नुकताच पुरा झाला होता. प्राण्यांच्या बाबतीत, विशेषतः नद्या-ओढ्यांतील बारीकसारीक जिवांच्या बाबतीत, सह्याद्रीची माहिती त्या मानाने फारच तुटपुंजी होती. तरुण आघारकर सुट्टी मिळाली की घाटात जात आणि दिसेल ते गोळा करीत. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममध्ये त्या वेळी नेल्सन अ‍ॅनंडेल नावाचे प्राणिशास्त्रज्ञ अधीक्षक होते. त्यांच्याशी आघारकरांचा संबंध आला. गोळा केलेल्या गोष्टी तिकडे जाऊ लागल्या.

वेण्णा नदी महाबळेश्वरी उगम पावते आणि मेढ्यावरून वाहत जाऊन संगम माहुलीला कृष्णेला मिळते. कोयनाही महाबळेश्वरचीच, ती दक्षिणेकडे वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. चैत्र-वैशाखात या नद्यांची धार मंदावते आणि खडकांच्या मधे ठिकठिकाणी डोह राहतात. अशा डोहांत आघारकरांना एक इवलासा पारदर्शक प्राणी तरंगताना आढळला. आकार जुन्या आण्या-दोन आण्याच्या नाण्याएवढा, छत्रीसारखा उघडझाप करणारा, कडेला बारीक तंतूंची झालर. हा होता गोड्या पाण्यातला जेलीफिश.

जेलीफिश म्हटले की समुद्र आठवतो. मालवणच्या किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला समुद्रातल्या जेलीफिशचे नवल असण्याचे कारण नाही. परंतु समुद्रापासून दूर, घाटमाथ्याच्या पलीकडे, ज्या पाण्यात गुरे उतरतात आणि बाया धुणे धुतात तेथे तो सापडावा ही गोष्ट साधी नव्हती. अ‍ॅनंडेल यांनी १९१२ मध्ये या प्राण्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले व त्याला ‘लिम्नोक्निडा इंडिका’ असे नाव दिले. त्याच वर्षी म्यूझियमचे ग्रेव्हली आणि आघारकर या दोघांनी मिळून त्याच्या सवयी व आढळ यांविषयी टिपण लिहिले. खरी खळबळ होती ती ‘लिम्नोक्निडा’ या पहिल्या शब्दाची. या वंशाचे प्राणी तोवर आफ्रिकेतच, टांगानिकासारख्या सरोवरांत व तेथील नद्यांत माहीत होते. मधे एवढा अरबी समुद्र पसरलेला असता टांगानिकाचा भाऊबंद मेढ्याच्या डोहात आला कसा? खाऱ्या पाण्यातून तो पोहत येणे शक्य नाही. योगायोग असा की, खंडे एके काळी जोडलेली होती व पुढे सरकत दूर गेली हा विचार जर्मनीत आल्फ्रेड व्हेगेनर यांनी मांडला तोही १९१२ सालीच. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध होता असे मी म्हणत नाही. एवढ्याशा प्राण्यावरून केवढे मोठे कोडे उभे राहते, हे मात्र ध्यानात घेण्यासारखे आहे.

मी स्वतः दोन वर्षांमागे मे महिन्यात मेढ्याजवळ वेण्णेच्या काठी माझ्या आतेभावाबरोबर सकाळभर बसून पाहिले. काही दिसले नाही. हा प्राणी वर्षातील थोडेच दिवस छत्रीच्या रूपात वावरतो, तेव्हा एका सकाळीत तो भेटावा ही अपेक्षाच जास्त झाली. आमच्या आजोबांना विचारले तर ते म्हणाले की नदीत छत्र्या असतात हे त्यांनी कधी ऐकले नाही. कोयना खोऱ्याचा वरचा भाग १९६० नंतर शिवसागर जलाशयाखाली गेला, वेण्णेवरही १९८०च्या दशकात कण्हेरचे धरण झाले. आघारकर ज्या डोहांच्या काठांनी हिंडले त्यांतले कितीतरी आता खोल पाण्याखाली आहेत. धरणांमुळे आमच्या शेतीला पाणी मिळाले, दिवे लागले, त्याविषयी तक्रार करणे मला शोभणार नाही. पण त्या डोहांत काय होते याची १९१२ सालची नोंद छापील स्वरूपात आहे. ती एका माणसाने सुट्टीचे दिवस खर्चून केली म्हणून आहे.

यानंतर आघारकरांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. कलकत्ता विद्यापीठात सर आशुतोष मुखर्जी विज्ञानाचे महाविद्यालय उभारीत होते. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांनी त्यासाठी मोठ्या देणग्या दिल्या. घोषांनी १९१३ मध्ये दहा लाख रुपये दिले आणि त्यांतून गणित, पदार्थविज्ञान, रसायन व वनस्पतिशास्त्र यांची अध्यासने निघाली. वकिलीत मिळवलेला पैसा प्रयोगशाळांसाठी देणारे ते दिवस! वनस्पतिशास्त्राच्या ‘घोष प्राध्यापक’ पदी बंगाल्यांच्या विद्यापीठाने निवडला तो कोकणातला एक मराठी तरुण, वय अवघे तिशीच्या आतले. प्रांतांच्या भिंती आज आपण किती उंच करून ठेवल्या आहेत हे पाहिले म्हणजे आशुतोषबाबूंच्या गुणग्राहकतेचे कौतुक वाटते.

नव्या प्राध्यापकाने आधी परदेशी जाऊन यावे असे ठरल्यामुळे आघारकर बर्लिनला गेले. तेथे अ‍ॅडॉल्फ एंग्लर हे त्या काळचे वनस्पतिशास्त्रातील महामेरू होते. पण १९१४ साली महायुद्ध पेटले आणि आघारकर शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. गुलाम देशाच्या माणसाची ही विचित्र कोंडी पाहा. ज्या इंग्रजांनी आपल्याला जिंकले त्यांचा माणूस म्हणून जर्मनांनी त्यांना स्थानबद्ध केले. घोष अध्यासनाचे दुसरे प्राध्यापक, पदार्थविज्ञानाचे देवेंद्रमोहन बोस, हेही याच वेळी जर्मनीत अडकून पडले होते. युद्धाची वर्षे अशी गेली. आघारकरांनी मात्र काम सोडले नाही, आणि १९१९ मध्ये बर्लिनची डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, वायव्य हिंदुस्थानातील रुक्ष व खारवट जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींचा प्रसार कोणत्या साधनांनी होतो आणि त्या मूळच्या कोठल्या. काही बिया वाऱ्याने उडतात, काही जनावरांच्या केसांना काट्यांनी चिकटतात, काही पाण्याबरोबर वाहत जातात. यावरून त्या वनस्पतींचा प्रवास शोधावयाचा. जेलीफिशच्या बाबतीत जो प्रश्न उभा राहिला होता तोच येथे वनस्पतींच्या बाबतीत आलेला दिसतो. हा प्रबंध एंग्लर यांच्या नियतकालिकात १९२० मध्ये जर्मन भाषेत छापून आला.

परत आल्यावर १९४६ पर्यंत ते कलकत्त्यास राहिले. बालीगंज येथील पालितांच्या वास्तूत विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग होता. त्या काळातील त्यांच्या पदांची आणि समित्यांची यादी देऊन मी वाचकांना कंटाळा आणणार नाही. भारतीय विज्ञान काँग्रेसचे ते सरचिटणीस होते, बंगालच्या वनस्पतिशास्त्र मंडळाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता, एवढे पुरे. अशी कामे करणाऱ्या माणसाच्या नावावर शोध कमी राहतात. पत्रे लिहिणे, सभा भरवणे, अहवाल छापून घेणे यांत आयुष्य जाते. आघारकरांचेही थोडेसे तसे झाले असे मला वाटते. ते संशोधनापेक्षा संशोधनाची व्यवस्था लावण्यात अधिक खर्ची पडले. ती व्यवस्था लागली नसती तर मागून येणाऱ्यांचे काय झाले असते, हाही प्रश्न आहेच.

निवृत्तीनंतर माणसाने काय करावे? बासष्टाव्या वर्षी बहुतेक लोक घराच्या ओसरीवर आरामखुर्ची टाकतात. आघारकर १९४६ मध्ये पुण्यास आले आणि ‘महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स’ या संस्थेचे संस्थापक-संचालक झाले. नावावर कलकत्त्याची छाप स्पष्ट आहे. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये त्याच धर्तीच्या नावाची संस्था कलकत्त्यात काढली होती, व तेथेच पुढे रामन यांनी आपले जगप्रसिद्ध काम केले. बंगालमध्ये सत्तर वर्षांपूर्वी जे झाले ते महाराष्ट्रात होण्यास स्वातंत्र्याचा उंबरठा गाठावा लागला. पुणे विद्यापीठसुद्धा अजून जन्मले नव्हते. ते निघाले १९४९ मध्ये. सुरुवातीला या संस्थेने लॉ कॉलेजच्या आवारात आसरा घेतला. कायद्याच्या पुस्तकांच्या शेजारी बुरशीच्या नळ्या आणि वाळलेली पाने, असा तो संसार.

वाळलेल्या पानांचे हे काय काम, असे आपल्यापैकी कोणीही विचारील. मी एकदा एका वनस्पतिसंग्रहालयात जाऊन ते पाहिले आहे. रानातून आणलेली फांदी फूल व फळ दिसेल अशा बेताने कागदाच्या घड्यांत दाबून ठेवतात, ओल शोषली जावी म्हणून घड्या रोज बदलतात. वाळल्यावर ती जाड कागदावर शिवून किंवा चिकटवून कोपऱ्यात चिठ्ठी लावतात: नाव, गाव, तारीख, उंची, गोळा करणाऱ्याचे नाव. कीड लागू नये म्हणून औषध. बस्स, एवढेच. पण उद्या कोणी म्हणाले की ही वनस्पती या डोंगरावर कधी नव्हतीच, तर साक्षीला हा कागद उभा राहतो. असे संग्रह आधी लंडनला आणि कलकत्त्याला होते. आपल्याच सह्याद्रीतले पान ओळखण्यासाठी तिकडे पाठवावे लागे. पुण्याच्या संस्थेत वनस्पतींचा असा संग्रह तर उभा राहिलाच, शिवाय बुरशींचाही राहिला. त्याला कवकशास्त्रज्ञ आजरेकर यांचे नाव आहे.

आघारकर १९६० मध्ये वारले. चौदा वर्षे त्यांनी ही संस्था चालवली. १९९२ मध्ये तिला त्यांचे नाव देण्यात आले आणि तेव्हापासून तो ‘घ’चा घोळ सुरू झाला.

त्यांच्या मागे संस्थेत जे काम झाले त्यातले शेतकऱ्यांना माहीत आहे ते गव्हाच्या व सोयाबीनच्या वाणांचे. त्या वाणांच्या नावांत ‘एमएसीएस’ ही चार अक्षरे असतात. आमच्या भावकीत ते बियाणे पेरणारे आहेत, पण अक्षरांचा अर्थ कोणी विचारलेला नाही. मला स्वतःला जवळचे वाटते ते वि. द. वर्तक यांचे काम. त्यांनी १९६६ मध्ये गोमंतकातील वनस्पतींची गणना प्रसिद्ध केली, आणि १९७०च्या दशकात माधव गाडगीळ यांच्याबरोबर सह्याद्रीतील देवराया धुंडाळल्या. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावची देवराई तोडली जाणार असे दिसताच गावकऱ्यांनी या दोघांना पत्र घातले. दोघे तेथे गेले तेव्हा कळले की गावाचा बारमाही झरा त्या राईतच आहे, आणि तेथील गारंबीच्या वेलाच्या बिया गुरांच्या औषधासाठी न्यायला लोक दूरदुरून येतात. त्यांनी वनखात्याकडे शब्द टाकला आणि राई वाचली. एका खेड्याने आपल्या रानासाठी पुण्यातल्या शास्त्रज्ञांना पत्र पाठवावे, आणि त्यांनी ते वाचून निघावे, ही गोष्ट मला त्या संस्थेच्या साऱ्या अहवालांपेक्षा मोठी वाटते.

कासच्या पठारावर पावसाळ्यात पांढऱ्या मण्यांसारखी गेंदाची फुले आपण पाहतो. त्याच कुळातल्या दोन नव्या जाती या संस्थेच्या संशोधकांनी पश्चिम घाटातून शोधल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले. एक कर्नाटकात कुमठ्याकडे सापडली. दुसरी, अगदी बारीक बोंडांची, सिंधुदुर्ग जिल्ह्यात, म्हणजे मालवणच्याच मुलखात.