एमिल झाटोपेक

माझे आवडते खेळाडू एमिल झाटोपेक. त्यांचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ रोजी चेकोस्लोव्हाकिया देशात एका गरीब घरी झाला. मोठेपणी ते झ्लिन गावी बाटाच्या बूट कारखान्यात कामाला लागले.

१९४१ साली कारखान्याच्या क्रीडाशिक्षकाने त्यांना शर्यतीत पळायला सांगितले. अंगात ताकद नाही म्हणून ते नको नको म्हणत होते. पण डॉक्टरांनी तपासले तर तब्येत ठणठणीत! मग काय, पळावंच लागलं. शंभर जणांत दुसरा नंबर आला आणि पळण्याची गोडी लागली.

लांबची शर्यत जिंकायची तर रोज लांबच पळावे, असे आपल्याला वाटते. झाटोपेक यांनी अंतराचे तुकडे केले. ४०० मीटर जोरात पळायचे, मग २०० मीटर हळूहळू, दम खात. पण थांबायचं नाही! लगेच पुढचे ४०० मीटर. असे वीस वेळा. मी वहीत गुणाकार केला, नुसते जोराचेच ८ किलोमीटर होतात! पुढे तर आकडा चाळीसच्या वर गेला. सैन्यात असताना ते जड बूट घालून बर्फातसुद्धा पळत.

आमचे सर सांगतात, अशा सरावाने हृदय बळकट होते, एका ठोक्यात जास्त रक्त पाठवते, म्हणून दम टिकतो. पण हाडे आणि सांधे त्यामानाने सावकाश तयार होतात. एकदम अंतर वाढवले की पाय दुखावतात. म्हणून आम्हा मुलांना दर आठवड्याला थोडेच वाढवायला सांगितले आहे.

१९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये झाटोपेक यांनी १०,००० मीटर शर्यत जिंकली. १९५२ साली हेलसिंकीला तर कमालच केली. आठ दिवसांत ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन, तिन्हींत सुवर्णपदक! मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर. ती शर्यत ते जन्मात पहिल्यांदा पळत होते. पळताना त्यांचे तोंड इतके वेडेवाकडे होई की बघणाऱ्याला वाटे, आता पडतात की काय.

१९६८ साली रशियाच्या फौजा त्यांच्या देशात घुसल्या. झाटोपेक उघडपणे विरोधात बोलले. त्यामुळे त्यांची सैन्यातली नोकरी गेली आणि कित्येक वर्षे अंगमेहनतीची कामे करावी लागली. एवढा मोठा माणूस, पण गप्प बसला नाही, हे मला पदकांहून मोठे वाटते.

नोव्हेंबर २००० मध्ये प्राग शहरात त्यांचे निधन झाले.

– इयत्ता सातवी