उमेदवारीचे दार

श्रमविभागणीवर उभारलेला कारखाना आणि खर्चाचा काटेकोर हिशेब यांसाठी अर्थशास्त्राचे विद्यार्थी जोसाया वेजवूड या इंग्रज कुंभाराला ओळखतात. त्याच्या चरित्रातील उमेदवारीचे प्रकरण मात्र फारसे कोणी वाचत नाही.

स्टॅफर्डशायरमधील बर्स्लेम येथे १७३० साली कुंभाराच्या घरात तो जन्मला. नवव्या वर्षी वडील वारले. पुढे देवीच्या आजारातून तो वाचला, पण उजवा गुडघा कायमचा अधू झाला. १७४४ साली थोरला भाऊ टॉमस याच्याकडे पाच वर्षांच्या कराराने तो उमेदवार राहिला. चाक पायाने फिरवावे लागे आणि गुडघा साथ देईना. परक्या मालकाने असा मुलगा कदाचित घरी धाडला असता. येथे चाक सुटले तरी कारखाना सुटला नाही. नमुने घडविणे, मातीची मिश्रणे, झिलई यांकडे तो वळला.

करार संपल्यावर भावाने भागीदारी नाकारली. १७५४ साली टॉमस व्हील्डन या नामांकित कुंभाराने त्याला भागीदार केले व प्रयोगांना मोकळीक दिली. १७५९ साली त्याने स्वतःचा व्यवसाय काढला. १७६८ साली, भूल देण्याची सोय नसलेल्या त्या काळात, त्याचा पाय कापावा लागला. पुढच्याच वर्षी इट्रूरियाचा कारखाना सुरू झाला. भट्टीतील उष्णता मोजण्याचे साधन त्याने सिद्ध केले आणि १७८३ साली तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. १७९५ साली तो वारला.

अधूपणामुळेच तो थोर झाला, असे सांगण्याची रीत आहे. तीत समाजाची सोय आहे, सत्य थोडे. गुडघ्याने त्याला वेदना दिल्या. संधी दिली ती भावाच्या कारखान्याने व नंतर व्हील्डनने. शिक्षणानंतर जागा मिळाली नसती, तर उमेदवारीही वाया गेली असती.

आपल्याकडे शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा आहे. व्यवसाय प्रशिक्षणाच्या योजनांत दिव्यांगांना सामावून घेण्याची जबाबदारी २०१६ च्या अधिनियमाने शासनावर टाकली आहे. सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागाही राखल्या आहेत. परंतु कारखान्याच्या दारात त्या मुलाला काय जमणार नाही, याचीच चौकशी आधी होते. कोणते काम जमेल हे आत घेऊन, करून पाहिल्यावाचून कळत नाही. वेजवूडला घरचा कारखाना होता. ज्यांना तो नाही, त्यांच्यासाठी थोरल्या भावाचे कर्तव्य शासनाने, उद्योजकांनी आणि आम्हा शिक्षकांनी पत्करले पाहिजे.