सिद्धरामेश्वर

सिद्धरामेश्वर, अथवा सिद्धराम, हे १२व्या शतकातील शिवयोगी, कन्नड वचनकार व सोलापूरचे ग्रामदैवत होत. महात्मा बसवेश्वर, अल्लमप्रभू व चन्नबसवण्णा हे त्यांचे समकालीन. त्यांच्या काळी सोलापूरचे नाव सोन्नलगी होते. सोळा गावांवरून सोलापूर ही व्युत्पत्ती लोकप्रिय असली, तरी शिलालेखांतील जुने नाव तिला दुजोरा देत नाही.

त्यांच्या पित्याचे नाव मुद्दगौडा व मातेचे सुग्गलादेवी. चरित्राचा मुख्य आधार राघवांक या कवीचे ‘सिद्धराम चारित्र’ हे कन्नड काव्य आहे. ते भक्ताने रचलेले असल्याने त्यातील चमत्कार इतिहास म्हणून घेता येत नाहीत. आख्यायिकेप्रमाणे गुरे राखणाऱ्या सिद्धरामाकडे जंगमाच्या रूपात आलेल्या मल्लय्याने दहीभात मागितला. तो घेऊन बालक परतला तेव्हा जंगम दिसेनासा झाला होता. त्याच्या शोधात सिद्धराम श्रीशैलापर्यंत गेले. तेथे दर्शन घडल्यावर परत येऊन त्यांनी कपिलसिद्ध मल्लिकार्जुनाचे मंदिर उभारले, गावाभोवती ६८ लिंगांची स्थापना केली आणि लोकांच्या श्रमातून तलाव खोदविला. अवर्षणाच्या या प्रदेशात तलावाचे मोल मंदिराहून कमी नव्हते.

या कार्यालाच पुढे अल्लमप्रभूंनी आव्हान दिले. देवालये बांधून आत्मज्ञान होत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. ज्याने आयुष्य स्थावर लिंगांच्या स्थापनेत वेचले, त्याला हे पचणे सोपे नव्हते. तरीही सिद्धराम त्यांच्यासह कल्याणला गेले व चन्नबसवण्णांकडून त्यांनी इष्टलिंगदीक्षा घेतली. पुढे अनुभवमंटपाच्या शून्यपीठाचे अधिपत्यही त्यांच्याकडे आले. मात्र वचनांच्या अखेरीस ते ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ हीच मुद्रा वापरीत. अखेर सोन्नलगीस परतून त्यांनी समाधी घेतली.

सोलापूरच्या बहामनीकालीन भुईकोट किल्ल्यात एका प्राचीन मंदिराचे कोरीव खांब व भग्नावशेष आहेत. ते मूळ मल्लिकार्जुन मंदिराचे मानले जातात. बाळीवेशीतील मल्लिकार्जुन मंदिराची परंपरा याच देवस्थानाशी जोडली जाते. किल्ल्यालगतच्या तलावात सिद्धेश्वर मंदिर असून त्यात समाधी आहे.

मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्डा यात्रेत सात नंदिध्वज ६८ लिंगांची प्रदक्षिणा करतात. विवाहाची इच्छा धरणाऱ्या कुंभारकन्येला सिद्धरामांनी आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची अनुमती दिली, या कथेवरून संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळा होतो.