विश्लेषण : खंड सरकतात हे सांगणाऱ्या वेगेनर यांना शास्त्रज्ञांनी का नाकारले?

पायाखालची जमीन वर्षाला काही सेंटिमीटर सरकते, हे आज उपग्रहांच्या मदतीने मोजता येते. १९१२ मध्ये मात्र हा विचार मांडणाऱ्या आल्फ्रेड वेगेनर यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यांचे पुरावे भक्कम होते, मग अडले कुठे?

वेगेनर कोण होते?

१ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिनमध्ये जन्मलेल्या वेगेनर यांनी डॉक्टरेट खगोलशास्त्रात मिळवली, पण काम केले हवामानशास्त्रात. १९०६ मध्ये भाऊ कुर्ट यांच्यासह ते सलग ५२ तासांहून अधिक काळ बलूनमधून हवेत राहिले. तो त्या काळचा विक्रम होता. त्याच वर्षी ते प्रथम ग्रीनलँडला गेले. भूगर्भशास्त्र हा त्यांचा विषय नव्हता. अनेक भूगर्भशास्त्रज्ञांना ही बाहेरच्या माणसाची लुडबूड वाटली.

पुरावे कोणते?

दक्षिण अमेरिका आणि आफ्रिकेचे किनारे नकाशावर एकमेकांत बसतात, हे इतरांनाही दिसले होते. वेगेनर यांनी त्याला जीवाश्मांची जोड दिली. मेसोसॉरस या लहान सरपटणाऱ्या प्राण्याचे अवशेष दोन्ही खंडांत सापडतात, पण अटलांटिक ओलांडणे त्याला शक्य नव्हते. ग्लोसोप्टेरिस या वनस्पतीचे ठसे भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेत मिळतात. नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांतही ते आहेत. आज उष्ण असलेल्या चंद्रपूर परिसरात प्राचीन हिमनद्यांच्या खुणा आढळतात.

खंडांना जोडणारे भूपूल पूर्वी होते आणि ते समुद्रात बुडाले, असे तेव्हा मानले जाई. वेगेनर यांचा आक्षेप साधा होता. खंडांचे खडक हलके, तर समुद्रतळाचे जड. मग हलका भूभाग बुडेल कसा? त्यापेक्षा सारे खंड एकेकाळी एकत्र होते आणि नंतर दूर गेले, असे मानणे त्यांना योग्य वाटले. पहिल्या महायुद्धात दोनदा जखमी झालेल्या वेगेनर यांनी १९१५ मध्ये यावर पुस्तक लिहिले.

मग घोडे कुठे अडले?

एवढे अवजड खंड कोणत्या बळाने सरकतात, याचे पटणारे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. पृथ्वीचे फिरणे आणि चंद्र-सूर्याचे आकर्षण ही त्यांनी सुचवलेली कारणे फारच दुबळी असल्याचे गणिताने दिसले. ग्रीनलँड सरकण्याचा त्यांचा अंदाजही प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त होता. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत बहुतेकांनी ही कल्पना धुडकावली.

शेवटची मोहीम कशी होती?

१९३० मध्ये ग्रीनलँडच्या मध्यभागी, किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटरवर त्यांच्या मोहिमेचे केंद्र होते. तेथील सहकाऱ्यांकडे हिवाळ्यापुरता साठा नव्हता. कडाक्याच्या थंडीत वेगेनर तेथे पोहोचले आणि पन्नासाव्या वाढदिवशी, १ नोव्हेंबरला, ग्रीनलँडवासी रासमुस विलुमसेन यांच्यासह परत निघाले. दोघेही किनाऱ्यावर पोहोचले नाहीत. मे १९३१ मध्ये वेगेनर यांचा मृतदेह बर्फात नीट पुरलेला सापडला. त्यांना पुरणारे विलुमसेन मात्र कधीच सापडले नाहीत.

उत्तर कधी मिळाले?

दुसऱ्या महायुद्धानंतर समुद्रतळाचा कसून अभ्यास झाला. महासागरांच्या मधोमध असलेल्या पर्वतरांगांत खालून शिलारस वर येतो, नवा तळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो, हे १९६०च्या दशकात स्पष्ट झाले. पृथ्वीचे कवच आणि त्याखालच्या प्रावरणाचा वरचा कठीण थर मिळून मोठे भूपट्ट बनतात. त्याखालचे प्रावरण घन असले तरी अतिशय संथपणे वाहते. म्हणजे वेगेनर यांना वाटले तसे खंड समुद्रतळ चिरत जात नाहीत, तर तळासह भूपट्टांवरून वाहून नेले जातात. भारताचा भूपट्ट आजही उत्तरेकडे सरकतो आहे, म्हणून हिमालयात भूकंप होतात.