ज्यांनी बापाला तुरुंगात सडवलं, त्यांची सत्ता पाडायला ‘मॉन्टे क्रिस्टो’चा लेखक स्वतः गेला होता

साखरपुड्याच्या पंगतीतून एका तरुण खलाशाला शिपाई उचलून नेतात. गुन्हा काय, हे त्याला ठाऊक नसतं. पुढची १४ वर्षं तो समुद्रातल्या एका किल्ल्याच्या कोठडीत काढतो. मग पळतो, अफाट खजिना मिळवतो आणि डाव टाकणाऱ्या एकेकाचा हिशोब चुकता करतो.

‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’. हजारभर पानांची कादंबरी, पण एकदा हातात घेतली की खाली ठेववत नाही. कोठडीतला तो काळ तर अंगावर येतो. कारण हे लिहिणाऱ्या अलेक्झांडर ड्यूमाच्या घरातच एक कैदी होऊन गेला होता. त्याचे वडील.

थॉमस-अलेक्झांडर ड्यूमा यांचा जन्म आजच्या हैतीमधला. वडील फ्रेंच सरदार, आई गुलाम. गोऱ्यांच्या फ्रान्समध्ये हा माणूस स्वतःच्या हिमतीवर जनरल झाला. नेपोलियनसोबत इजिप्तच्या मोहिमेवर गेला, तिथं दोघांचं बिनसलं. १७९९ मध्ये परतताना जहाज खराब झालं आणि इटलीच्या किनाऱ्याला लागलं. तिथं नेपल्सच्या राजाने त्यांना कैद केलं. दोनेक वर्षांनी सुटले तेव्हा तब्येत कायमची ढासळली होती. १८०६ मध्ये ते गेले. तेव्हा १८०२ चा जन्म असलेला अलेक्झांडर चार वर्षांचाही नव्हता. नेपोलियनच्या सरकारने विधवेला पेन्शनही दिली नाही.

पोरगा गरिबीत वाढला. शिक्षण जेमतेम, पण अक्षर सुंदर. त्या जोरावर पॅरिसमध्ये कारकुनाची नोकरी मिळाली. १८२९ मध्ये त्याचं नाटक गाजलं आणि नशीब पालटलं.

१८४२ मध्ये एल्बाच्या सफरीत त्याने मॉन्टे क्रिस्टो नावाचं बेट पाहिलं. नाव डोक्यात बसलं. पोलिसांच्या जुन्या दप्तरांवर आधारलेल्या एका पुस्तकात त्याला एका चांभाराची सूडकथा सापडली. दोन्ही जुळलं आणि ऑगस्ट १८४४ पासून कादंबरी पॅरिसच्या वर्तमानपत्रात क्रमशः छापून येऊ लागली. आज वेब सिरीजच्या पुढच्या एपिसोडची वाट बघतात, तशी लोक पुढच्या भागाची वाट बघायचे. ते १८४६ पर्यंत चाललं.

कथानक रचायला ऑग्युस्त माके मदतीला होता. त्याचं नाव पुस्तकावर आलं नाही. पुढे तो कोर्टात गेला. पैसे मिळाले, लेखक म्हणून नाव मिळालं नाही. सूडकथेच्या लेखकाकडून झालेला हा अन्यायच.

कादंबरीत खलाशाला कोठडीत शिकवणारा आणि खजिन्याचा पत्ता देणारा पाद्री आहे, फारिया. पुस्तकात तो इटालियन आहे, पण नाव गोव्याचं. १७५६ मध्ये कांदोळीत जन्मलेले आबे फारिया पॅरिसमध्ये संमोहनाच्या प्रयोगांनी गाजले होते. पणजीत त्यांचा पुतळा आजही आहे.

ड्यूमाने बख्खळ कमावलं आणि तितकंच उडवलं. पॅरिसजवळ मॉन्टे क्रिस्टो नावाचा वाडा बांधला आणि थोड्याच वर्षांत विकलाही. १८५१ मध्ये देणेकऱ्यांना चुकवत त्याने बेल्जियम गाठलं. त्याच्या वर्णावरून टवाळी करणारेही कमी नव्हते.

मग आलं १८६०. नेपल्सच्या गादीवर होता वडिलांना कैद करणाऱ्या राजाचा पणतू. गॅरिबाल्डी त्याची सत्ता उलथवायला निघाला होता. ५८ वर्षांच्या ड्यूमाने आपली बोट त्याच्या दिमतीला दिली, बंदुका आणून दिल्या. सप्टेंबरमध्ये नेपल्स पडलं. गॅरिबाल्डीने ड्यूमाला तिथल्या संग्रहालयाचं आणि उत्खननाचं प्रमुखपद दिलं. ड्यूमाने तिथंच वर्तमानपत्र काढलं आणि काही वर्षं मुक्काम ठोकला.

५ डिसेंबर १८७० ला मुलाच्या घरी तो वारला. २००२ मध्ये, जन्माला २०० वर्षं झाल्यावर, फ्रान्सने त्याचे अवशेष सन्मानाने पॅरिसच्या पँथेऑनमध्ये हलवले. वडिलांचा पॅरिसमधला पुतळा मात्र दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असताना नष्ट झाला.

कादंबरीच्या शेवटी काउंटलाच प्रश्न पडतो, आपण सूडात फार पुढे तर गेलो नाही ना? सूड घेऊनही गेलेली १४ वर्षं परत येत नाहीत. नेपल्स पडलं म्हणून ड्यूमाला वडील परत मिळाले नाहीत. हे ठाऊक असलं, की कोठडीतली ती पानं वेगळीच वाचली जातात.